स्कॉटलंडमध्ये गॅलिक शिक्षक व्हायचंय? आधी भाषा, मग पदवी

स्कॉटलंडमध्ये प्राथमिक शिक्षकांचा तुटवडा नाही. उलट, प्रोबेशन संपवून कायम नोकरीची वाट बघत बदलीच्या कामावर दिवस काढणारे तरुण शिक्षक भरपूर आहेत. त्याच शहरातली गॅलिक माध्यमाची शाळा मात्र माणूस मिळत नाही म्हणून पुन्हा पुन्हा जाहिरात देत असते. पात्रता दोन्हीकडे तीच आणि पगारही तोच. फरक एका भाषेचा आहे, आणि ती भाषा येणारे लोक मोजके आहेत.

सुरुवातीलाच एक सूचना. स्कॉटलंडमध्ये या भाषेला ‘गॅलिक’ म्हणतात. ‘गेलिक’ म्हणालात तर समोरच्याला आयर्लंडची भाषा वाटेल. मुलाखतीला जाण्यापूर्वी जिभेला ही सवय लावून घ्या.

२०२२ च्या जनगणनेत गॅलिक बोलणारे ६९,७०१ लोक नोंदले गेले. २०११ मध्ये ते सुमारे ५७,६०० होते. आकडा वाढला, पण वाढ मुख्यतः शहरांत आणि शाळांतून शिकलेल्यांत झाली. भाषेचं परंपरागत घर म्हणजे वेस्टर्न आइल्स ही बेटं, आणि तिथे बोलणाऱ्यांचं प्रमाण निम्म्याखाली, ४५ टक्क्यांवर आलं. म्हणजे भाषेचा भार आता घरापेक्षा शाळेवर जास्त आहे. १८७२ च्या शिक्षण कायद्यात गॅलिकचा साधा उल्लेखही नव्हता. गॅलिक माध्यमाचे पहिले प्राथमिक वर्ग १९८५ मध्ये ग्लासगो आणि इन्व्हर्नेस इथे सुरू झाले, तेव्हा दोन्ही मिळून २४ मुलं होती. आज ही संख्या हजारांत आहे. २०१६ च्या कायद्यानं आपल्या भागात गॅलिक माध्यमाची प्राथमिक शाळा मागण्याची रीतसर प्रक्रिया पालकांना दिली, आणि २०२५ च्या भाषा कायद्यानं गॅलिकला अधिकृत भाषेचा दर्जा मिळाला. कायदा शाळा उघडू शकतो, पण त्याला शिक्षक घडवता येत नाहीत. तुमची संधी नेमकी तिथे आहे.

कुठली नोकरी हवी, ते आधी ठरवा

‘गॅलिक शिक्षक’ या दोन शब्दांत निदान पाच वेगळ्या नोकऱ्या दडलेल्या आहेत, आणि प्रत्येकीची वाट निराळी.

पहिली, गॅलिक माध्यमाच्या प्राथमिक शाळेतला वर्गशिक्षक. इथे तुम्ही गॅलिक ‘विषय’ शिकवत नाही. गणित, विज्ञान, चित्रकला, खेळ, सगळं गॅलिकमधून शिकवता. आपल्याकडे मराठी माध्यम आणि इंग्रजी माध्यम हा भेद सगळ्यांना पाठ असल्यानं ही कल्पना मराठी वाचकाला चटकन कळते. दुसरी, माध्यमिक शाळेतला गॅलिक विषयाचा शिक्षक. तिसरी, माध्यमिक शाळेत इतिहास, भूगोल, गणित यांसारखा विषय गॅलिकमधून शिकवणारा. असे शिक्षक फारच दुर्मिळ आहेत. चौथी, गॅलिक माध्यमाच्या बालवाडीतली नोकरी. तिच्यासाठी शिक्षकाची पदवी लागत नाही, बालसंगोपनाची पात्रता आणि स्कॉटिश सोशल सर्व्हिसेस काउन्सिलकडे नोंदणी लागते. पाचवी, प्रौढांचे वर्ग घेणारा ट्यूटर. हे काम बहुतेक वेळा अर्धवेळ आणि तासावर मोबदल्याचं असतं. त्यावर घर चालवणं अवघड.

माझं मत विचाराल तर नव्यानं सुरुवात करणाऱ्यानं प्राथमिककडेच बघावं. जागा तिथेच जास्त आहेत, आणि एका छोट्या शाळेत माध्यमिकच्या गॅलिक शिक्षकाला पुरेसे तास मिळतीलच असं नाही. अपवाद अशांचा, ज्यांच्याकडे गणित किंवा विज्ञानाची भक्कम पदवी आहे. त्यांनी तिसरी वाट नक्की तपासावी.

खात्री नसेल तर आधी गॅलिक बालवाडीत किंवा शाळेत सहायक म्हणून वर्षभर काम करावं. दिवसभर भाषा कानावर पडते, आणि लहान मुलांच्या गलक्यात आपला निभाव लागतो का हेही कळतं.

भाषा: खरा वेळ इथे जातो

शिक्षकाची पात्रता एका वर्षात मिळते. भाषा एका वर्षात येत नाही. शून्यापासून सुरू करणाऱ्यानं वर्गात उभं राहण्याइतकी गॅलिक यायला तीन-चार वर्षं धरावीत. त्यातलं निदान एक वर्ष पूर्णवेळ, भाषेच्याच वातावरणात गेलं पाहिजे. संध्याकाळच्या वर्गांच्या जोरावर कोणी प्राथमिक शिक्षक झालंच, तर तो विरळा.

मराठी माणसाला इथे काही गोष्टी सोप्या जातात. गॅलिकमध्ये ‘प’ आणि ‘ब’ यांच्यातला खरा फरक श्वासाचा आहे. लिखित ‘बी’चा उच्चार आपल्या ‘प’च्या जवळ जातो आणि लिखित ‘पी’ थेट ओठ मिटून म्हटलेल्या ‘फ’कडे. इंग्रजी भाषकाला हे महिनोन्‌महिने शिकवावं लागतं. क-ख, त-थ यांच्यावर वाढलेल्या कानाला ते लगेच ऐकू येतं. ‘त’ आणि ‘द’ बऱ्याच ठिकाणी आपल्यासारखेच दंत्य. ‘माझ्याकडे पुस्तक आहे’ ही रचनाही ओळखीची, कारण ‘हॅव’सारखं क्रियापद गॅलिकमध्ये नाही. ‘हा ल्योअर आकम’, म्हणजे शब्दशः ‘आहे पुस्तक माझ्याकडे’. लिंगं दोनच आहेत, आपल्याहून एक कमी.

अवघड काय? क्रियापद वाक्यात सर्वांत आधी येतं. शब्दाचं पहिलं व्यंजन संदर्भानुसार बदलतं. शेमस नावाच्या मुलाला हाक मारायची तर ‘अ हेमिश’ अशी मारायची (इंग्रजीतलं हेमिश हे नाव याच हाकेतून आलं आहे). हा बदल पुस्तकात वाचणं सोपं, पण पंचवीस मुलांच्या वर्गात प्रत्येक नावाला बिनचूक करणं ही सरावाची गोष्ट आहे. ‘हो’ आणि ‘नाही’ यांना सरसकट चालणारे शब्द नाहीत. प्रश्नात जे क्रियापद, तेच उत्तरात फिरवून द्यायचं. संख्या मोजायची जुनी पद्धत विसाची, आपल्याकडे म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘तीन विसा’ म्हणजे साठ असायचे तशी. शाळेत मात्र दशमान पद्धतीच्या संख्या शिकवतात. बेटावरच्या आजोबांशी बोलताना एक आणि फळ्यावर दुसरी, अशा दोन्ही याव्या लागतात.

सुरुवात फुकटात होते. ड्युओलिंगोवर २०१९ पासून स्कॉटिश गॅलिक आहे. ते करमणूक म्हणून ठीक, त्यावर शिक्षक होता येत नाही. २०२१ मध्ये सुरू झालेला ‘स्पीक गॅलिक’ हा अभ्यासक्रम जास्त कामाचा आहे. त्यात टप्प्याटप्प्याचे धडे, ध्वनिफिती आणि चित्रफिती आहेत, आणि त्याच्या आधारानं चालणारे प्रत्यक्ष व ऑनलाइन वर्गही मिळतात. ‘लर्न गॅलिक’ या संकेतस्थळावरच्या शब्दकोशात उच्चार ऐकता येतात. बीबीसी आल्बा वाहिनी आणि रेडिओ नान गेल हे केंद्र रोज लावून ठेवा. पहिल्या काही महिन्यांत काही कळणार नाही, तरीही लावा.

पुढचा टप्पा म्हणजे सावल मोर ऑस्टिक. स्काय बेटाच्या दक्षिणेकडच्या स्लेट भागात १९७३ मध्ये स्थापन झालेलं हे महाविद्यालय पूर्णपणे गॅलिकमध्ये चालतं. वर्ग, कार्यालय, खानावळ, सगळीकडे गॅलिक. त्यांचा नवशिक्यांसाठीचा दूरशिक्षण अभ्यासक्रम घरबसल्या, फोन आणि इंटरनेटवरून करता येतो. त्यानंतर वर्षभर तिथेच राहून करायचा पूर्णवेळ अभ्यासक्रम आहे. माझ्या मते सगळ्या प्रवासात पैसे खर्चावेत असं ठिकाण असेल तर ते हेच. उन्हाळ्यातले आठवड्याचे छोटे वर्ग चांगले असतात, पण ते या वर्षाची जागा घेऊ शकत नाहीत.

एक कसोटी स्वतःला लावून बघा. परीक्षेतली गॅलिक आणि वर्गातली गॅलिक वेगळी असते. कवितेवर निबंध लिहिता येणारा माणूस ‘ओल्या मोज्यांनी गालिच्यावर जाऊ नकोस’, ‘कात्री टोकाकडून धरून दे’, ‘तुझं नाक पुसून घे आणि मग सांग काय झालं’ ही वाक्यं विचार न करता म्हणू शकेलच असं नाही. सहा वर्षांच्या मुलासमोर अडखळायला वेळ नसतो. या तीन वाक्यांसारखी शंभर वाक्यं तोंडात बसली की तुम्ही वर्गासाठी तयार होत आहात असं समजा.

लेखनाबद्दल एक सावधगिरी. शाळांमध्ये शुद्धलेखनाचे ठरलेले नियम आहेत. १९८१ मध्ये ते पहिल्यांदा ठरले आणि पुढे सुधारले गेले. जुन्या पुस्तकांत स्वरांवर दोन दिशांच्या तिरक्या खुणा दिसतात, आजच्या शालेय लेखनात एकाच दिशेची. जुन्या पुस्तकांतून शिकलात तर ही सवय आधी मोडा.

शिक्षकाची पात्रता

स्कॉटलंडमधल्या सरकारी शाळेत शिकवायचं तर जनरल टीचिंग काउन्सिल फॉर स्कॉटलंड, म्हणजेच जीटीसीएसकडे नोंदणी हवीच. गॅलिक कितीही उत्तम असो, याला पर्याय नाही. गॅलिक वर्गापर्यंत पोचायच्या मुख्य वाटा तीन.

पदवी आधीच असेल तर पीजीडीई हा एक वर्षाचा अभ्यासक्रम. ३६ आठवड्यांचा असतो, त्यातले १८ आठवडे प्रत्यक्ष शाळेत. ऑगस्टमध्ये सुरू होतो, अर्ज यूकास या विद्यापीठ-प्रवेशाच्या केंद्रीय यंत्रणेतून आदल्या शरद ऋतूत करायचा. प्राथमिकसाठी कुठल्याही विषयाची पदवी चालते. सोबत स्कॉटिश ‘हायर’ पातळीचं इंग्रजी आणि ‘नॅशनल ५’ पातळीचं गणित, किंवा त्यांना समकक्ष काहीतरी लागतं. माध्यमिकसाठी तुमच्या पदवीत त्या विषयाचे किमान ८० क्रेडिट हवेत आणि त्यातले ४० वरच्या पातळीचे. भारतातून शिकलेल्यांनी दहावी-बारावीच्या मूळ गुणपत्रिका जपून ठेवाव्यात. विद्यापीठ पदवीइतकंच बारकाईनं दहावीचं गणित आणि बारावीचं इंग्रजी तपासतं, आणि हे ऐन वेळी लक्षात आलं की बोर्डाच्या कार्यालयात खेटे घालावे लागतात.

पदवी नसेल तर चार वर्षांचे सलग अभ्यासक्रम आहेत. एडिनबरा विद्यापीठात प्राथमिक शिक्षण आणि गॅलिक यांची एकत्र पदवी मिळते. भाषा आधीपासून येणाऱ्यांसाठी आणि भाषा शिकत असलेल्यांसाठी तिच्या वाटा वेगळ्या आहेत. बारावी संपवलेल्या मुलांनी, विशेषतः स्कॉटलंडमध्ये वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांनी, हिचा विचार जरूर करावा.

आणि आधीच शिक्षक असाल, म्हणजे इंग्रजी माध्यमात नोंदणीकृत, तर पुन्हा पीजीडीई करायची गरज नाही. अशांसाठी स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठानं पूर्णवेळ गॅलिक इमर्शनचा, म्हणजे भाषेत बुडवून शिकवणारा, एक वर्षाचा अभ्यासक्रम आखला. प्रवेश चालू आहेत का, आणि पगारी रजा देऊन नगरपालिका पाठवते का, हे आपल्या शिक्षण विभागाला विचारा. ज्यांच्याकडे गॅलिक शाळा आहेत अशा नगरपालिका ऐकून घेतात.

प्रवेशाची मुलाखत निदान काही भाग तरी गॅलिकमध्ये होते. भाषेची लेखी पात्रता दाखवायची असेल तर स्कॉटलंडच्या शालेय परीक्षेत दोन वेगळे विषय आहेत, एक सफाईनं बोलणाऱ्यांसाठी आणि दुसरा शिकणाऱ्यांसाठी. नावं जवळजवळ सारखी असल्यानं गोंधळ होतो. माध्यमाच्या शाळेत शिकवायचं तर पहिल्याच्या पातळीवर पोचायचं आहे, हे लक्षात ठेवून विषय निवडा.

मुलांबरोबरच्या कामासाठी पीव्हीजी ही पोलिसी पडताळणी सक्तीची आहे. भारतात राहिला असाल तर तिथल्या पोलिसांचा दाखलाही मागितला जाऊ शकतो. तो मिळायला वेळ लागतो, म्हणून लवकर कामाला लागा.

भारतातलं बी.एड. असेल तर जीटीसीएसकडे बाहेरच्या देशातून पात्र झालेल्यांसाठीचा अर्ज करता येतो. पदवी, शिक्षक-प्रशिक्षण आणि कोणत्या वयाच्या मुलांना शिकवण्याचं प्रशिक्षण घेतलं, हे तिन्ही पाहिलं जातं. नुसत्या डी.एड.वर, पदवीशिवाय, हे जमत नाही.

पैसे आणि व्हिसा

इथे वाचकांचे सरळ दोन गट पडतात, आणि दोघांना एकच सल्ला देणं अन्यायाचं होईल.

स्कॉटलंडमध्ये कायमच्या वास्तव्याचा हक्क मिळालेले किंवा ब्रिटिश नागरिक, आणि साधारण तीन वर्षं इथे राहिलेले, अशांची पीजीडीईची फी सास ही सरकारी संस्था भरते. शिवाय बोर्ड ना गालिक ही इन्व्हर्नेसची संस्था गॅलिक शिक्षक होऊ पाहणाऱ्यांना अनुदान देते. त्याची रक्कम आणि मुदत दरवर्षी बदलते, म्हणून जाहिरात निघण्याआधीच त्यांच्याशी बोलून ठेवा. या गटासाठी हा करिअरचा बेत चांगला आहे. मुलं गॅलिक शाळेत घातलेल्या आईवडिलांसाठी तर फारच चांगला, कारण त्यांच्या घरात भाषा आधीच आलेली असते.

पुण्यात किंवा नागपुरात बसून विचार करणाऱ्यांनी मात्र हिशेब थंड डोक्यानं करावा. परदेशी विद्यार्थ्याची फी कित्येक पटींनी जास्त. विद्यार्थी व्हिसावर अशा अभ्यासक्रमाला जोडीदार-मुलांना सोबत आणणं जानेवारी २०२४ पासून बंद झालं. आणि पुढे येणारी प्रोबेशनची हमी परदेशी फी भरलेल्यांना लागू नाही. नोकरीसाठी प्रायोजक नगरपालिका शोधावी लागते, आणि मागणी आहे म्हणून व्हिसा मिळेलच असं नाही. २०१८ मध्ये आइल ऑफ मलवरच्या बनेसन इथल्या प्राथमिक शाळेनं कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाची एक गॅलिक शिक्षिका निवडली होती. दुसरं कोणी मिळत नव्हतं, तरी व्हिसा नाकारला गेला आणि प्रकरण देशभर गाजलं. तेव्हापासून नियम अनेकदा बदलले आहेत, त्यामुळे अर्जाच्या दिवशी लागू असलेले नियम सरकारी संकेतस्थळावरच बघा. या गटातल्या माणसाला मी आधी दूरशिक्षणानं भाषा शिकायला सांगेन. दोन वर्षांनीही गोडी टिकली तर पुढचा खर्च.

पगार राष्ट्रीय वेतनश्रेणीप्रमाणे, गॅलिक असो वा इंग्रजी माध्यम. ऑगस्ट २०२४ पासूनच्या श्रेणीत प्रोबेशनच्या वर्षी ३३,५९४ पौंड आणि साध्या शिक्षकाची कमाल पायरी ५०,५८९ पौंड होती. दूरच्या बेटांवर काम करणाऱ्यांना वेगळा भत्ता मिळतो.

प्रोबेशनचं वर्ष

पीजीडीईनंतर शिक्षक इंडक्शन योजनेत एक वर्षाची नोकरी हमीनं मिळते. तुम्ही पाच नगरपालिका पसंतीक्रमानं कळवायच्या, त्यांतल्या एकीत नेमणूक होते. आठवड्याला ३५ तास काम असतं. पूर्ण शिक्षकाला वर्गात जास्तीत जास्त २२.५ तास उभं राहावं लागतं, प्रोबेशनरला १८.५. उरलेला वेळ निरीक्षण आणि तयारीसाठी. पसंतीक्रम भरताना गॅलिक माध्यमाच्या शाळा कुठे आहेत ते नकाशावर बघून भरा: ग्लासगो, एडिनबरा, हायलँड, वेस्टर्न आइल्स आणि आणखी काही. गॅलिक पात्रतेचा उल्लेख अर्जात ठळक करा. नाहीतर इंग्रजी वर्गात नेमणूक होऊन वर्षभरात भाषा गंजते.

वर्गात नेमकं काय करावं लागतं

गॅलिक शाळेतलं बहुतेक मूल गॅलिक न बोलणाऱ्या घरातून येतं. मराठी माध्यमाशी तुलना इथे संपते, कारण आपल्या मुलांची घरची भाषा तरी मराठी असायची. इथे पहिल्या दिवशी मुलाला एक शब्द कळत नाही. पहिली ते तिसरीपर्यंत सगळं शिक्षण फक्त गॅलिकमधून, इंग्रजी वाचन-लेखन साधारण चौथीपासून. मूल इंग्रजीत उत्तर देतं, तुम्ही ते समजून घेता आणि उत्तर गॅलिकमध्येच देता. भाषांतर करायचं नाही. हातवारे, चित्रं, तीच वाक्यं रोज त्याच वेळी, गाणी, खेळ यांच्या आधारानं सहा महिन्यांत ऐकणं जमतं आणि मग बोलणं उमलतं. थकलेल्या दुपारी इंग्रजीचा आधार घ्यायचा मोह अनावर होतो. एकदा घेतलात की मुलांना कळतं की थांबलं तर बाई इंग्रजीत सांगतात, आणि मग ती थांबतातच.

शिक्षक हाच भाषेचा जवळजवळ एकमेव झरा असल्यानं तुमच्या चुका वर्गभर पसरतात. म्हणून नोकरी लागल्यावरही भाषेचं शिक्षण थांबवू नका. बेटावरच्या किंवा त्या पिढीतल्या जाणत्या वक्त्याशी आठवड्याला तासभर बोलणं ठेवा, शक्य तर एकाच बोलीच्या माणसाशी. लुईस, स्काय, युइस्ट या बेटांच्या बोली निराळ्या, आणि सुरुवातीला तिन्हींची खिचडी झाली की मुलांचा गोंधळ होतो.

साहित्याची चिंता पूर्वीइतकी उरलेली नाही. स्टॉर्नोवेची स्टोरलान ही संस्था गॅलिक माध्यमासाठी पुस्तकं आणि साधनं तयार करते. ‘अन शोटल’ नावाचा तिचा पारिभाषिक शब्दांचा संग्रह रोज उघडावा लागेल, कारण प्रकाशसंश्लेषण किंवा अपूर्णांक शिकवताना आठवणीवर भागत नाही. पालकांना भाषा येत नसते, म्हणून गृहपाठासाठी त्यांना ‘गॅलिक फॉर पॅरेंट्स’ हे संकेतस्थळ दाखवा. संध्याकाळचे निम्मे निरोप कमी होतील. तरीही इंग्रजी माध्यमातल्या सहकाऱ्याला आयतं मिळतं ते तुम्हाला अनेकदा स्वतः भाषांतर करून बनवावं लागेल, आणि त्यासाठी रविवार जातात. छोट्या शाळेत एकाच खोलीत तीन इयत्ता असतात. जोडवर्गाची कमाल मर्यादा २५ मुलांची.

बेटावरची नोकरी स्वीकारण्याआधी

नगरपालिकेला तीन प्रश्न विचारा: शिक्षकासाठी घर आहे का, जोडीदाराला काम मिळेल का, आणि शाळेत दुसरा गॅलिक शिक्षक आहे का. पहिल्याचं उत्तर अनेकदा नकारार्थी असतं. बेटांवर भाड्याची घरं कमी, आणि उन्हाळ्यात आहेत ती पर्यटकांकडे जातात. नोकरी ऑगस्टच्या मध्यावर सुरू होते, म्हणजे घर शोधायचं ते ऐन हंगामात. मे महिन्यापासूनच गावातल्या लोकांना विचारायला लागा, स्थानिक दुकानाच्या फळ्यावर चिठ्ठी लावा, आणि जमेल तर आधी एकदा हिवाळ्यात जाऊन राहून या. बोट रद्द झाली की दोन दिवस अडकता, दुपारी साडेतीनला अंधार पडतो, हे जुलैमध्ये कळत नाही.